ग्लेअर नेला कुणी?

१

"हा पत्रा आहे का सूर्याचा सावत्र भाऊ? डोळे फोडायचा विडाच उचललाय मेल्यानं!"

कपाटापलीकडून आलेलं हे पुटपुटणं ऐकून वच्छलाक्का हातातला डबा तसाच धरून थबकल्या. ज्ञानदीप वाचनालयात बायकांनी पुढच्या दारानं यायची रीत नव्हती. म्हणून धाकट्या भावाचा, म्हणजे ग्रंथपाल कमलाकरचा, डबा घेऊन त्या मागच्या दारानं येत आणि त्याचं जेवण होईपर्यंत कपाटांच्या आडोशाला बसत. त्या आडोशाला बसून ऐकता ऐकताच त्यांचं निम्मं शिक्षण झालं होतं. उरलेलं निम्मं चुलीपुढे, कमलाकरच्या जुन्या क्रमिक पुस्तकांवर. इंग्रजी अक्षरं आता कुठं तोंडओळखीची झाली होती. रस्त्यात भेटली तर हसावं, पण घरी बोलावू नये, इतपत.

पुटपुटणारे होते वेणीमाधव मास्तर. अर्ध्या सोलापूरला त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. निवृत्तीनंतर रोज दुपारी ते वाचनालयात येत, ते मुख्यतः शिंप्याच्या नव्या पत्र्याला शिव्या द्यायला. पत्रा होता समोरच्या आळीत. चैत्राचं ऊन त्याच्यावर नुसतं उकळत असे.

"या उजेडाला इंग्रजीत एकच शब्द आहे, शास्त्रीबुवा," मास्तर म्हणाले. "ग्लेअर! रविवारच्या व्याख्यानाला मी तोच घेतलाय. एक शब्द, त्याचे अर्थ आणि त्याची कुळकथा."

"कुळकथा कसली? आपलाच आहे तो." गोपाळशास्त्र्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून पळून गेलेला आहे, हे शास्त्रीबुवांचं मत. "ग्लौ म्हणजे चंद्र. अमरकोशात आहे. ग्लौचं झालं ग्लेअर."

"चंद्रानं कधी कुणाचे डोळे दिपवले होते?"

"मग तुमच्या त्या धोंड्यात काय लिहिलंय ते सभेत उघडून वाचून दाखवा. अक्षर न् अक्षर! मी हरलो तर तपकीर सोडली."

धोंडा म्हणजे इंग्रजीचा थोरला शब्दकोश. विलायतेला परत जाताना एका मिलच्या साहेबानं तो वाचनालयाला दिला होता. दोन विटा रचाव्यात एवढा जाड. कोपऱ्यातल्या घडवंचीवर तो देवासारखा बसलेला असे.

"वाचून दाखवा" म्हटल्यावर मास्तरांनी ताडकन उत्तर द्यायला हवं होतं. त्यांनी आधी उपरण्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, "दाखवीन की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकरनं वाचनालय उघडलं. घडवंची रिकामी होती.

२

"रविवारच्या सभेपर्यंत कोश जागेवर दिसला पाहिजे," अध्यक्ष रावसाहेब म्हणाले. "नाहीतर किल्ल्या माझ्या हातात."

कमलाकर घरी येऊन पाटावर बसला आणि ताटाकडे बघत राहिला. वच्छलाक्कांनी लोकांच्या पोळ्या लाटून त्याला मॅट्रिक केला होता. ही नोकरी म्हणजे त्या पोळ्यांवरचं तूप. तेही आता निसटायला लागलं होतं.

"अक्का, मी दुसरी नोकरी बघू का?"

"आधी भात कालव. चोर बघायचा का नोकरी, ते मग ठरवू."

त्याच दुपारी त्यांनी वाचनालयाच्या मागच्या दारी शिपाई सिद्धारामला गाठलं. मासिकं गायब व्हायला लागल्यापासून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, असा हुकूम होता, आणि सिद्धाराम तो हुकूम मनापासून पाळत असे.

"अक्का, शपथ घ्या माजी. काल दिसभर दारातच हाय मी. यक बी पुस्तक भाईर ग्येलं न्हाय."

"संध्याकाळी कोण कोण होतं?"

"शास्त्रीबुवा. त्येंची पिशवी उलटी करून झाडली, तर तपकिरीची डबी पडली. मंग मी बी शिंकलो, त्ये बी शिंकले. लई चिडले."

"आणि?"

"मास्तर परत आल्ते. कद नेसून, काखंत पोथी, रामाच्या देवळात निगाले म्हनं. आत जाऊन माठातलं पानी प्याले नि ग्येले. सवळ्यात हुते, म्हून मी दूर सरकून वाट दिली. बास. कमलाकरदादा तवा मागल्या खिडक्या लावत हुता, मंग अंधारात त्येनं कुलूप लावलं."

"म्हणजे पुस्तक कुणीच नेलं नाही."

"न्हाय की! त्येवढा धोंडा लपवायचा म्हंजे मानूस गाभन दिसंल."

वच्छलाक्का हसल्या. आणि हसण्याच्या नादात, समोर ठेवलेली गोष्ट ओलांडून पुढं गेल्या. त्यांच्या जागी आळीतली दुसरी कुणीही असती तरी ओलांडूनच गेली असती.

३

पहिला संशय अर्थात शास्त्रीबुवांवर. ज्याला हरायची भीती, तोच पुरावा लपवणार. शास्त्रीबुवा ओसरीवर पंच्यानं वारा घेत बसले होते.

"ये वच्छले. झडती घ्यायला आलीस का? तुझ्या त्या सिद्धारामनं माझी अब्रू काल तपकिरीसकट रस्त्यावर सांडली."

"छे हो, शास्त्रीबुवा. म्हटलं, ते ग्लौ का काय ते समजून घ्यावं."

शास्त्रीबुवा खुलले. ग्लौपासून सुरू झाले ते इंग्रजांच्या अर्ध्या भाषेचा सातबारा आपल्या नावावर करूनच थांबले. मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "मला कळतं तू का आलीस ते. पण एक सांगतो. मला जिंकायचंच असतं ना, तर मी कोश लपवला नसता. उघडून वेणीमाधवापुढे ठेवला असता."

"म्हणजे?"

शास्त्रीबुवांनी डबी उघडली, बंद केली. "म्हणजे काही नाही. ऊन फार आहे. डोक्यावर पदर घे."

पदर आधीपासूनच डोक्यावर होता. वच्छलाक्का तो चाचपत बाहेर पडल्या. पुढं ठेवला असता म्हणजे काय? पुढं ठेवला असता तर शास्त्री हरला असता की!

माणिक चौकात चन्नप्पाचं चष्म्याचं दुकान होतं. कोश हरवायच्या आधी मास्तर आणि चन्नप्पा यांचं भर बाजारात वाजलं होतं, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. भांडण झालेल्या माणसाला विचारावं, तो आपल्या शत्रूची माहिती फुकट देतो, हा अक्कांचा अनुभव.

"भांडन कसलं, अक्का? मास्तर आल्ते, दुकानातला हर एक चष्मा लावून बगितला. म्हनाले, तुज्या काचाच खराब, सगळ्यांवर धूर बसलाय. मी पुसून दिल्या. पुन्ना म्हनाले, धूर हाय. मग मला वरडले, ते बी समोर टांगलेल्या माज्या कोटाकडं बगून."

"कोटाकडे?"

"डोळे वटारून! कोट बिचारा घाबरला असंल." चन्नप्पा हसायला गेला आणि मधेच थांबला. हातातली काच पुसत राहिला. "माज्या काचा चांगल्या हायत, अक्का. काचंचा दोष न्हाय."

"मग कशाचा?"

"मी चष्मे विकतो," चन्नप्पा म्हणाला. "बाकी मी कशाला बोलू?"

दोन माणसं, दोन उंबरे, आणि दोघंही एकाच जागी येऊन गप्प. वच्छलाक्कांना वाटलं, कुठल्यातरी घरात वारलेल्या माणसाचं नाव टाळतात, तसं हे सगळे काहीतरी टाळताहेत.

४

शनिवारी मास्तरांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. रुक्मिणीकाकूंनी आरास मांडली होती. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाचं कमळ, करंज्या, आंब्याची डाळ, मागे आरसे. आणि गौरीच्या शेजारी चौरंगावर तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी. तिच्यावर हळद, कुंकू, मोगऱ्याची फुलं.

बायका पन्हं पीत बोलत होत्या. मास्तर आतल्या खोलीतून बाहेर आले आणि आरशांपुढे येताच त्यांनी हात कपाळाशी धरला.

"अगं, ते आरसे काढ! घरात पण ग्लेअर!"

वच्छलाक्कांनी आरशांकडे पाहिलं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. खोलीत इतका अंधार होता, की मघाशी त्यांनी डाळीऐवजी वाटीतला अंगारा उचलला होता. आरशात एका निरांजनाची वात दिसत होती. बस्स.

"मास्तर, पन्हं," म्हणून त्यांनी पेला पुढे केला. मास्तरांनी हात पुढे केला, तो पेल्याच्या बाजूनं पुढे निघून गेला. साऱ्या बायका एकदम आपापल्या डाळीत काहीतरी शोधायला लागल्या. अक्कांनी हळूच पेला सरकवून त्यांच्या बोटांना भिडवला.

"छान झालंय," मास्तर म्हणाले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

वच्छलाक्कांना आता त्या दिवशीचं पुटपुटणं आठवलं. वाचनालयाच्या तावदानांना उन्हाळ्यासाठी निळीचा हात दिला होता. आत बसलेल्या कुणालाच पत्रा दिसत नव्हता. मग मास्तरांच्या डोळ्यांत कसला उजेड घुसत होता?

बायका निघाल्या. अक्का मागे राहून ताटल्या उचलू लागल्या. चौरंग सरकवायला म्हणून त्यांनी पोथीला हात घातला आणि हात तिथंच राहिला.

"काकू, पोथी भारी जड हो तुमची."

"ह्यांनी पारायणं फार केली ना," रुक्मिणीकाकू वर न बघता म्हणाल्या. "पुण्य साठलं असेल."

"पोथी लांबट असते, काकू. ही चौकोनी आहे."

"पुण्य सगळ्या बाजूंनी वाढतं."

वच्छलाक्का खाली बसल्या. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. सिद्धाराम म्हणतो, एकही पुस्तक बाहेर गेलं नाही. तो खोटं बोलत नाही. सोवळ्यातली पोथी त्याच्या लेखी पुस्तक नाहीच. तिची झडती नाही, तिला हात नाही, उलट दूर सरकून वाट द्यायची. मी तरी कुठं वेगळी? मी पण ऐकलं आणि सोडून दिलं. पण त्यानं आणखी एक सांगितलं होतं. मास्तर आत जाऊन माठातलं पाणी प्याले."

काकूंचा हात थांबला.

"सोवळ्यात देवळाला निघालेला माणूस साऱ्या गावाच्या माठातलं पाणी पिईल, काकू? आणि मास्तरांना कधीपासून सोवळं लागायला लागलं? स्टेशनवरचा चहा पिऊन तुमच्या सासूबाईंना मुद्दाम वास देणारे ते! तो कद झडतीपासून वाचण्यापुरता होता. आत जाताना काखेत नुसतं फडकं होतं, उशीचा तक्क्या घालून फुगवलेलं. बाहेर येताना तक्क्याच्या जागी कोश."

"तक्क्या कुठं पडला म्हणतेस?"

"वर्तमानपत्रांच्या कपाटामागे. काल झाडताना सिद्धारामला सापडला. त्याला वाटलं, मी बसायला आणला. मला वाटलं, कमलाकरनं झोपायला आणला."

रुक्मिणीकाकूंनी पदराला हात पुसले. "माझाच आहे तो. मेली नवी खोळ होती." मग पोथीवरची फुलं सारखी करत म्हणाल्या, "पोथीची पानं मला गादीखाली सापडली, तेव्हाच कळलं. मग काय करणार? घरात सरस्वती आली. इंग्रजी असली म्हणून काय झालं? वाहिलं हळदकुंकू."

"का नेला त्यांनी कोश? तुम्हाला माहीत आहे ना?"

काकूंच्या ओठांवर शब्द आला. अक्कांनी तो येताना पाहिला. मग काकूंनी गौरीचा झोपाळा उगाचच हलवला.

"वच्छे, उद्या किल्ल्या द्यायच्या का कमलाकरनं?"

"हो."

आतल्या खोलीच्या दारात मास्तर उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

वच्छलाक्का उठल्या. भाऊ गुरू म्हणून ज्यांच्या पायांवर डोकं ठेवतो, त्या माणसाला चोर कसं म्हणायचं? त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, उद्या सभेला येताना पोथी आणा. सगळ्यांना दर्शन होईल."

५

रविवारी संध्याकाळी मिलचा भोंगा झाला आणि ज्ञानदीपचं दालन भरून गेलं. चोरी झाली म्हणून गर्दी जास्त होती. नुसत्या ग्लेअरला कोण येतंय? वच्छलाक्का व्यासपीठाशेजारी, नेहमीच्या कपाटाआड बसल्या. कमलाकर कोपऱ्यात रिकाम्या घडवंचीजवळ उभा होता. मयताच्या घरी उभं राहावं, तसा.

मास्तर आले. काखेत तांबडं बासन. मागे, रीत मोडून पुढच्याच दारानं, रुक्मिणीकाकू. मास्तरांनी बासन टेबलावर ठेवलं, गाठ सोडली, आणि फडक्यातून फुलं सांडत, कपाळाला कुंकू लावून, इंग्रजीचा थोरला शब्दकोश बाहेर आला.

दालनात हलकल्लोळ झाला.

"सापडला!"

"मास्तरांनी शोधून काढला!"

"अहो, शेवटी मास्तर ते मास्तर! चोराला नुसते डोळे वटारले असतील, त्यानं टाकला असेल!"

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मास्तर काहीतरी बोलू बघत होते. टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही. रावसाहेबांनी हात वर करून शांतता मागितली. "उत्तम! आता आधी व्याख्यान. शास्त्रीबुवांची अट आहे, वाचून दाखवायचं. सिद्धाराम, मास्तरांजवळ बत्ती आण."

सिद्धारामनं ग्यासबत्ती आणून अगदी कोशाशेजारी ठेवली. पांढरा फटफटीत उजेड मास्तरांच्या तोंडावर पडला.

"आनखी जवळ आनू का, मास्तर?" त्यानं मायेनं विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी कोश उघडला, पानं चाळली, एका जागी बोट ठेवलं.

"ग्लेअर," मास्तरांनी सुरुवात केली. "अर्थ पहिला. डोळ्यांना सोसत नाही असा झगझगीत उजेड. अर्थ दुसरा. रागानं रोखून पाहणं. या गावातल्या पुष्कळांना तो माझ्याकडून मिळालेला आहे." दालन हसलं. "तिसरा अमेरिकेकडचा. बर्फाचा काचेसारखा गुळगुळीत थर, ज्याच्यावर पाऊल ठरत नाही. आपण सोलापूरकरांनी बर्फ पाहिला तो गोटी सोड्याच्या गाडीवर, तेव्हा तो सोडून द्या. आता मूळ. उत्तर युरोपातल्या जुन्या बोलींत हा शब्द नुसता चकाकण्याचा होता. इंग्रजीत काचेला जो शब्द आहे, त्याच्याच घरातला. याच घरातला एक जुना शब्द राळेच्या पिवळ्या खड्याला होता, अंबराला. म्हणजे बघा, आधी ते मधाच्या रंगाचं, हातात धरावं असं चमकणं होतं. मग ते काचेवर गेलं. मग उन्हात. आणि शेवटी माणसाच्या डोळ्यांत राग होऊन बसलं."

एक शब्द अडखळला नाही. कपाटाआडून वच्छलाक्कांची नजर कोशाच्या पानावर गेली. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ग्लेअरचा इंग्रजी 'जी' नव्हता. 'जी' त्यांना पक्का ठाऊक होता, पोट धरून बसलेला. तिथं होता 'एम', दोन डोंगरांचा.

कमलाकरनंही ते पाहिलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

पहिल्या रांगेतून गोपाळशास्त्री उठले आणि टेबलापाशी आले. अट त्यांची होती, पडताळायचा हक्कही त्यांचाच. त्यांनी वाकून पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अक्का कपाटाआडून पुढे झुकल्या. आता हे म्हणणार. आता सगळ्यांसमोर म्हणणार.

शास्त्रीबुवांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"अक्षर न् अक्षर बरोबर," ते म्हणाले. "चंद्राला मी उगाच गोवलं."

टाळ्या. पुन्हा टाळ्या. त्या ओसरल्यावर रावसाहेब उभे राहिले. "कोश मिळाला, आनंद आहे. पण तो गेला होता, हेही खरं. चोर कोण, हे मास्तरांनी त्यांच्या मोठेपणानं सांगितलं नाही. आम्हीही विचारत नाही. मात्र ग्रंथपालाच्या डोळ्यांदेखत एवढा धोंडा जातो, तर त्या ग्रंथपालाचा उपयोग काय? कमलाकर, किल्ल्या."

कमलाकरनं कंबरेचा जुडगा सोडला. किल्ल्या वाजल्या.

वच्छलाक्का उठल्या. पुढच्या बाजूनं, बायकांनी जायचं नाही तिथून, बाहेर यायला त्यांनी पाऊल उचललं. साखळी त्यांच्या मनात तयार होती. पोथी, माठ, तक्क्या. पण साखळीची शेवटची कडी त्यांच्याही तोंडून बाहेर पडेना. समोर रुक्मिणीकाकू दोन्ही हातांनी तांबडं फडकं पिळत बसल्या होत्या.

"थांब, कमलाकर." मास्तरांचा आवाज वर्गातला होता. किल्ल्या थांबल्या. "कोश मी नेला होता."

दालन खो खो हसलं. मास्तरांची थट्टा करायची तऱ्हाच न्यारी!

"हसू नका! पोथीच्या फडक्यात बांधून, सिद्धारामच्या समोरून नेला. या पोराचा काही दोष नाही."

हसू विरलं. सिद्धारामचं तोंड उघडं राहिलं.

"पण मास्तर," रावसाहेब चाचरले, "तुम्ही? कशासाठी?"

मास्तर ताठ उभे राहिले आणि त्यांनी रावसाहेबांवर डोळे वटारले. निदान त्यांची तशी समजूत होती. रावसाहेब त्यांच्या उजव्या हाताला उभे होते. मास्तर डोळे वटारून बघत होते डावीकडच्या ग्यासबत्तीकडे. चन्नप्पानं मान वळवली. शास्त्रीबुवांचा हात सवयीनं डबीकडे गेला आणि मागे आला.

रुक्मिणीकाकू उठल्या. त्यांनी बत्तीच्या पुढे फडकं धरलं. मास्तरांच्या तोंडावर तांबूस, मऊ सावली आली. काकूंनी दुसऱ्या हातानं त्यांची बाही धरली आणि हलकेच त्यांना उजवीकडे वळवलं.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "इथंच आहेत ते."

मास्तरांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"रावसाहेब," ते म्हणाले, "मला दिसत नाही."